टाचेचा मेलॅनोमा आणि जांघेतील गाठी : आधी शस्त्रक्रिया की आधी औषध?

वेण्णाकाठ

नमस्कार. माझ्या आईचे वय ६१ असून आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या टाचेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा डाग दिसू लागला. शेतात अनवाणी वावरणाऱ्या बाईच्या टाचेवर काळे काही दिसले तर घरात कोणी दचकत नाही. आम्हीही त्याला कुरूप समजलो, औषधाच्या दुकानातील पट्ट्या लावल्या आणि गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात ते कापून घेतले. कापलेला तुकडा तपासणीला गेला नाही. त्यानंतर आठ महिने जखम भरली नाही, तेव्हा पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी भिंग लावून पाहिले आणि त्याच दिवशी बायोप्सी घेतली. अहवालात ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग), खोली ४.१ मिलिमीटर, वर व्रण, असे आले.

दरम्यान डाव्या जांघेत गाठ हाताला लागू लागली होती. आजी त्याला अवधाण म्हणते आणि पायाला जखम असली की अवधाण येतेच, असा तिचा अनुभव असल्यामुळे त्याकडेही दुर्लक्ष झाले. सुईने तपासल्यावर त्या गाठीत मेलॅनोमाच्या पेशी सापडल्या. पेट-सीटी या पूर्ण शरीराच्या स्कॅनमध्ये जांघेतील दोन लसिका ग्रंथी (शरीरातील द्रव गाळणाऱ्या गाठी) उजळल्या आहेत, बाकी शरीरात काही नाही, आणि मेंदूचा एमआरआय स्वच्छ आहे. बीआरएएफ या जनुकातील बदलाची तपासणी नकारात्मक आहे.

आता अडचण अशी की दोन शल्यचिकित्सकांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. पहिल्यांच्या मते पुढच्याच आठवड्यात टाच आणि जांघ या दोन्हींची शस्त्रक्रिया करून सगळ्या ग्रंथी काढाव्यात. दुसऱ्यांच्या मते आधी पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाचे तीन डोस, दर तीन आठवड्यांनी एक, द्यावेत आणि मग शस्त्रक्रिया करावी. नऊ आठवडे गाठ शरीरात ठेवायची ही कल्पनाच घरात कोणाला पचत नाही. त्यातच मामांच्या कार्यालयातील एका गृहस्थांना पाठीवर हाच रोग झाला होता, त्यांची काखेतील फक्त एक ग्रंथी काढली, तिच्यात रोग सापडला, आणि तरीही बाकीच्या ग्रंथी न काढता त्यांना नुसते सोनोग्राफीवर ठेवले आहे. एकाला रोग असूनही ग्रंथी ठेवतात, दुसऱ्याच्या सगळ्या काढायला सांगतात, तिसरे म्हणतात थांबा. यामागचा विचार कोणी समजावून सांगेल का?

शस्त्रकर्मी

मी कर्करोग शल्यचिकित्सक आहे. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर हा सल्ला न मानता डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी अशी माहिती मानावी.

मामांच्या परिचितांपासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. मेलॅनोमा जवळच्या ग्रंथींत गेला, हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या परिस्थितींना लावले जाते. एकीत ग्रंथी हाताला लागत नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि रोग फक्त सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. दुसरीत ग्रंथी बोटांना जाणवते किंवा स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. परिचित पहिल्या गटात आहेत, आई दुसऱ्या. आजाराचे नाव, एवढेच काय, टप्पाही एकच, म्हणजे तिसरा, पण शस्त्रक्रियेचा निर्णय जवळजवळ उलटा.

पहिल्या गटाचा इतिहास मोठा आहे. १८९२ साली लंडनच्या हर्बर्ट स्नो यांनी असे मांडले की मेलॅनोमाच्या रुग्णात गाठ हाताला लागण्याची वाट न पाहता जवळच्या ग्रंथी आधीच काढून टाकाव्यात. ते ऐकायला इतके सयुक्तिक होते की पुढची कित्येक दशके अनेक शल्यचिकित्सकांनी तसेच केले. १९७७ मध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी आणि सहकाऱ्यांनी हातापायांच्या मेलॅनोमावरील चाचणीत दाखवले की सरसकट आधी ग्रंथी काढल्याने आयुष्य लांबत नाही. आणि १९९२ मध्ये, स्नो यांच्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, अमेरिकेतील डोनाल्ड मॉर्टन यांनी मधला मार्ग प्रसिद्ध केला. मूळ डागाभोवती निळा रंग टोचायचा आणि तो ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचतो तेवढीच काढून तपासायची. हीच सेंटिनल म्हणजे पहारेकरी ग्रंथी. आता निळ्या रंगासोबत टेक्नेशियमचे किरणोत्सारी द्रव्यही टोचतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हातातील यंत्राच्या आवाजावरून ग्रंथी शोधतात.

पहारेकरी ग्रंथीत रोग सापडला तर उरलेल्या काढाव्यात, हा नियम पुढे पंचवीसएक वर्षे चालला. त्याला धक्का दिला तो दोन चाचण्यांनी. जर्मनीतील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले आणि १९०० हून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय एमएसएलटी-दोन या चाचणीचे २०१७ मध्ये. दुसऱ्या चाचणीत अर्ध्या रुग्णांच्या उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढल्या, अर्ध्यांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवले. तीन वर्षांनंतर मेलॅनोमामुळे मृत्यू न झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ८६ टक्केच होते. ग्रंथींच्या जागी रोगावर ताबा राहण्याचे प्रमाण काढलेल्या गटात ९२ टक्के आणि लक्ष ठेवलेल्या गटात ७७ टक्के होते, म्हणजे ग्रंथी काढण्याचा काहीच उपयोग नाही असे नव्हे. मात्र त्यासाठी मोजावी लागणारी किंमत अशी की हातापायाला कायमची सूज येण्याचे प्रमाण ६.३ वरून २४.१ टक्क्यांवर गेले. म्हणून परिचितांच्या ग्रंथी ठेवल्या आहेत. त्या चाचणीत पहिली दोन वर्षे दर चार महिन्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होत असे, आणि ही शिस्त पाळली जाणार असेल तरच तो मार्ग पत्करावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो.

हे सगळे आईंना लागू नाही. या दोन्ही चाचण्यांत हाताला लागणाऱ्या गाठींचे रुग्ण घेतलेलेच नव्हते. त्यांच्या गाठीत रोग असल्याचे सुईनेच सिद्ध झाल्यामुळे सेंटिनल तपासणीचीही गरज नाही. ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया त्यांना लागेलच आणि याबाबत दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. मतभेद आहे तो क्रमाबाबत.

क्रम बदलण्यामागचा विचार असा. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध कर्कपेशींना स्वतः मारत नाही. आपल्याच टी पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींवर, रोगाने लावलेला लगाम ते सोडवते. टी पेशींना शत्रू ओळखायला शिकायचे असेल तर शत्रू समोर हवा. गाठ जागेवर असताना औषध दिले तर त्या गाठीतील असंख्य वेगवेगळ्या कर्कपेशी पाहून टी पेशी तयार होतात आणि मग शरीरात इतरत्र लपलेल्या, कोणत्याही स्कॅनला न दिसणाऱ्या पेशींचाही माग काढतात. आधी गाठ काढून नंतर औषध दिले तर शिकवायला वर्ग आहे पण फळ्यावर काही नाही, अशी अवस्था होते.

हा विचार अमेरिकेतील एस-१८०१ या चाचणीत तपासला गेला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३१३ रुग्ण होते. दोन्ही गटांना औषध तेच, डोसही तेवढेच, एकूण १८. फरक एवढाच की एका गटाला १८ ही शस्त्रक्रियेनंतर आणि दुसऱ्याला तीन आधी व १५ नंतर. दोन वर्षांनी रोग न वाढता, न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण नंतर औषध घेणाऱ्यांत ४९ टक्के आणि आधी घेणाऱ्यांत ७२ टक्के आले. हे आकडे रोगमुक्त राहण्याचे आहेत, एकूण आयुर्मानाचे नव्हेत, हे लक्षात ठेवावे. तरीही नवे औषध न आणता, निव्वळ क्रम बदलून एवढा फरक पडल्याचे मी माझ्या कारकिर्दीत क्वचितच पाहिले आहे. २०२४ मध्ये नादिना या चाचणीनेही, इपिलिमुमॅब व निवोलुमॅब अशी दोन औषधे शस्त्रक्रियेआधी फक्त दोनदा देऊन, असाच निष्कर्ष दिला. एका वर्षाने रोग न वाढता, न उलटता राहिलेले आधी औषध घेणाऱ्यांत ८३.७ टक्के आणि नंतर घेणाऱ्यांत ५७.२ टक्के.

आता एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. या चाचण्यांतील बहुसंख्य रुग्ण गोऱ्या त्वचेचे, उन्हाशी संबंधित मेलॅनोमाचे होते. आपल्याकडे अधिक दिसणारा तळपायाचा आणि नखाखालचा ॲक्रल मेलॅनोमा उन्हामुळे होत नाही, त्याच्या पेशींत जनुकीय बदल तुलनेने कमी असतात, आणि त्यामुळे टी पेशींना ओळखायलाही खुणा कमी मिळतात. या औषधांना त्याचा प्रतिसाद सरासरीने कमी असतो. म्हणून ७२ हा आकडा आईंच्या नावापुढे जसाच्या तसा लिहिता येणार नाही. तरीसुद्धा मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने झुकेन, मात्र एका अटीवर. प्रत्येक डोसच्या वेळी गाठ मोजली जावी, मध्ये एकदा सोनोग्राफी व्हावी आणि गाठ वाढताना दिसली तर उरलेल्या डोसची वाट न पाहता शस्त्रक्रिया करावी. सुरुवातीला गाठ थोडी सुजूही शकते, कारण तिच्यात टी पेशी शिरत असतात, त्यामुळे हा निर्णय टेप हातात धरलेल्या एकट्या नातेवाइकाने करायचा नसतो. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल किंवा वरची त्वचा फुटायच्या बेतात असेल तर पहिल्या डॉक्टरांची घाई योग्य ठरेल. त्यांना हेच कारण आहे का, हे विचारावे.

शस्त्रक्रियेविषयी थोडे. जांघेच्या पट्टबंधाखाली (पोट व मांडी यांच्या मधल्या घडीतील चिवट पट्ट्याखाली) मांडीचा एक त्रिकोण असतो. त्याच्या बाहेरच्या कडेला सार्टोरियस आणि आतल्या कडेला ॲडक्टर लाँगस हे स्नायू असतात. या त्रिकोणातील सगळी चरबी व तिच्यातील ग्रंथी एकसंध काढल्या जातात. तळाशी मांडीची मुख्य धमनी आणि शीर उघडी पडते, आणि वरची त्वचा पातळ राहिल्यामुळे जखम कधी कधी काठावर काळी पडून उसवते. तसे झाले तरी रक्तवाहिनी उघडी राहू नये म्हणून सार्टोरियसचे वरचे टोक सोडवून तो स्नायू तिच्यावर पांघरुणासारखा सरकवतात. ओटीपोटातील खोल ग्रंथीही काढायच्या का, यावर शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. स्कॅनमध्ये त्या दिसत असतील किंवा पट्टबंधाखालील क्लोकेच्या ग्रंथीत रोग असेल तर बहुतेक जण काढतात. टाचेच्या डागाभोवती दोन सेंटिमीटर निरोगी कातडी घ्यावी लागते, आणि टाच ही वजन पेलणारी जागा असल्यामुळे तेथे नुसती पातळ कातडी लावण्यापेक्षा तळपायाच्या कमानीतील कातडी तिच्या रक्तवाहिनीसह वळवून बसवणे अधिक टिकते. हे काम प्लास्टिक सर्जन करतात, त्यामुळे ते त्या दिवशी उपलब्ध आहेत ना, हे आधीच पाहावे.

आणखी एक. टाचेकडील लसिकेचा निचरा कधी कधी जांघेऐवजी गुडघ्यामागच्या खळगीतील ग्रंथीत होतो. ही ग्रंथी तपासताना सहज निसटते. पेट-सीटीत तेथे काही नाही, हे अहवालात लिहिलेले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर त्या खळगीची सोनोग्राफी करून घ्यावी.

पायमशीन

दादा, मी रुग्ण म्हणून लिहिते. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग होता आणि जांघेतील गाठ हाताला लागत होती. २०१८ मध्ये अंगठ्याचा शेंडा आणि जांघेतील सगळ्या ग्रंथी काढल्या. त्या वेळी आधी औषध देण्याची पद्धत माझ्यासाठी तरी नव्हती, म्हणून क्रमाविषयी मी काही बोलणार नाही. घरी आल्यानंतर काय होते ते मात्र सांगू शकते, कारण ते मला कोणी सांगितले नव्हते.

जांघेतून एक नळी बाहेर येते आणि तिला बाटली जोडलेली असते. मला वाटले होते आठवड्यात निघेल. ती माझ्याकडे २३ दिवस राहिली. रोज सकाळी सात वाजता बाटलीतील पाणी मापाच्या भांड्यात ओतायचे आणि आकडा दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला लिहायचा, हे काम माझ्या सुनेने केले. आधी लालसर १८० मिलिलिटर, मग पिवळसर १२०, मग अनेक दिवस ६० ते ७० च्या घरात अडकले. सलग दोन दिवस ३० च्या खाली आल्याशिवाय नळी काढणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि तो आकडा येईपर्यंत त्यांनी आमचे काही ऐकले नाही. नळी काढल्यावरही एकदा तेथे पाणी साठून लिंबाएवढा फुगवटा आला आणि सुईने काढावा लागला. बाटली कमरेला बांधण्यासाठी मी जुन्या पोलक्याच्या कापडाची नाडीची पिशवी शिवली. आईंसाठी अशी पिशवी आधीच करून ठेवा, नळीला ओढ बसत नाही.

सूज साधारण चौथ्या महिन्यात आली. आमच्या गल्लीत त्याला हत्तीपाय म्हणाले आणि रात्रीचे रक्त तपासायचा सल्लाही मिळाला. हत्तीपायात जंतांमुळे पायातील पाणी वर जाण्याची वाट बुजते, माझी वाट शस्त्रक्रियेत गेली, हे मला माझ्या फिजिओथेरपिस्टने समजावले. तिने शिकवल्याप्रमाणे दर रविवारी मी घोटा, पोटरी, गुडघ्याच्या वर आणि मांडी असे चार ठिकाणी टेपने मोजते. शिवणकामाचा टेप घरात होताच. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मापाचा घट्ट मोजा चढवायचा, हा नियम मी मोडला की संध्याकाळी पाय सांगतोच. एकदा तर पायाला साधे कुसळ लागले आणि दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून पूर्ण पाय लाल झाला, चार दिवस सलाइनमधून औषध घ्यावे लागले. त्यामुळे आईंना यापुढे अनवाणी शेतात जाता येणार नाही, हे आतापासून सांगत राहा. ऐकायला सोपे वाटते, पण चिखलात चप्पल घालणे हे आपल्या बायकांना किती अवघड वाटते ते मला माहीत आहे.

माझा व्यवसाय शिवणकामाचा. मशीन बंद करावे लागेल असे मी धरून चालले होते, तर फिजिओथेरपिस्ट म्हणाली की पायाने मशीन चालवणे उलट चांगले, पोटरी हलती राहते. एका जागी उभे राहणे वाईट. सात वर्षांत मी मोटर बसवलेली नाही.

दक्षिणगोलार्ध

मी मेलबर्नमध्ये मेलॅनोमाच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. येथे गाठ हाताला लागणाऱ्या बहुतेक रुग्णांना आता आधी औषध दिले जाते, आणि वेण्णाकाठ यांच्या घरात जो प्रश्न आहे तोच येथेही प्रत्येक नातेवाईक विचारतो. त्यामुळे त्या नऊ आठवड्यांत कशाकडे लक्ष द्यायचे एवढेच लिहिते.

लगाम सुटलेल्या टी पेशी कधी कधी स्वतःच्याच अवयवांवर उठतात. हे केमोथेरपीचे दुष्परिणाम नव्हेत, केस गळत नाहीत, म्हणून घरच्यांना औषध सौम्य वाटते आणि धोका तेथेच असतो. दिवसाला नेहमीपेक्षा चार-पाच वेळा अधिक जुलाब होऊ लागले तर बाहेरचे काही खाल्ले असेल असे म्हणून दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी आणू नये. ती आतड्याची दाहक सूज असू शकते आणि तिला वेळेत स्टिरॉइड लागते. नवा कोरडा खोकला आणि धाप, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगभर पुरळ, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करावा. थायरॉइडचे काम बिघडणे त्यामानाने बऱ्याच जणांत दिसते आणि ते गोळीने सांभाळता येते.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते. काही रुग्णांत पिट्युइटरी किंवा ॲड्रेनल ग्रंथीवर परिणाम होऊन शरीरातील कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी रक्तदाब टिकवणारे संप्रेरक जवळजवळ संपते. लक्षणे काय, तर थकवा, भूक नसणे, चक्कर. कर्करोगाच्या रुग्णात याकडे कोण लक्ष देणार? पण असा रुग्ण तसाच भूल देऊन टेबलावर घेतला तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून प्रत्येक डोसआधी होणाऱ्या रक्त तपासण्यांबरोबरच शस्त्रक्रियेपूर्वी सकाळचे कॉर्टिसोल तपासले आहे का, हे जरूर विचारावे. नादिनामधील दोन औषधांच्या पद्धतीत गंभीर दुष्परिणाम सुमारे ३० टक्के रुग्णांत झाले होते. एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबने ते कमी होतात, पण त्याचा जोरही कमी असतो. ॲक्रल प्रकारात दोन औषधांचा विचार केला होता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. थोडेच लिहितो. बायोप्सीचे मेणातील ब्लॉक आणि स्लाइड रुग्णालयाकडून मागून घ्याव्यात, त्यावर आपला अधिकार आहे. मेलॅनोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्या पुन्हा वाचून घ्याव्यात आणि त्याच ब्लॉकवर केआयटी जनुकाची तपासणी करावी, कारण ॲक्रल प्रकारात बीआरएएफपेक्षा त्याचा विचार अधिक करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात एकूण ग्रंथी किती, रोग असलेल्या किती, आणि रोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला आहे का, या तीन गोष्टी हव्यातच. जांघेच्या नमुन्यात पुरेशा ग्रंथी मिळाव्यात अशी अपेक्षा असते. औषध आधी दिले असेल तर जिवंत कर्कपेशी किती टक्के उरल्या तेही लिहायला हवे. १० टक्के किंवा त्याहून कमी उरल्या असतील तर तो मोठा प्रतिसाद मानतात. ग्रंथीत काळे रंगद्रव्य भरलेले दिसले म्हणजे रोग आहेच असे नव्हे. मेलेल्या पेशींचे रंगद्रव्य गिळून बसलेल्या भक्षक पेशीही तशाच काळ्या दिसतात. वरवर पाहणाऱ्याची येथे फसगत होते.

वेण्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभार मानतो. पहिल्या डॉक्टरांना घाईचे कारण विचारले. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली नाही, पण आमच्या भागातील रुग्ण एकदा घरी गेला की परत येत नाही, हा त्यांचा अनुभव आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मला ते पटले आणि थोडे लागलेही.

आता प्रश्न पैशांचा आहे. तीन डोसची तजवीज कशीबशी होईल, १८ डोसची होणार नाही. अत्यल्प मात्रेत हेच औषध देतात असे एका ओळखीच्यांनी सांगितले. ते आईला चालेल का? आणि औषधाने गाठ पूर्ण विरघळली तर शस्त्रक्रिया टाळता येईल का?

शस्त्रकर्मी

अत्यल्प मात्रेची माहिती खरी आहे, पण ती दुसऱ्या आजाराची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडी औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले आणि एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपल्या देशासाठी हे काम मोलाचे आहे. मात्र ते रुग्ण बरे होण्याच्या पलीकडे गेलेले होते. आईंच्या बाबतीत रोग मुळापासून जाण्याची शक्यता अजून आहे, त्यामुळे येथे मात्रा मनाने कमी करण्याच्या मी विरोधात आहे. कंपन्यांच्या मदत योजना असतात आणि मोठ्या रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभाग त्यांचे अर्ज भरून देतो, तेथे आधी जावे.

पैसे मोजक्याच डोसचे असतील तर ते शस्त्रक्रियेआधी खर्च करावेत, नंतर नव्हे, असे माझे वैयक्तिक मत आहे. एस-१८०१ मध्ये सर्वांना १८ डोस दिले गेले होते, त्यामुळे तीनवर थांबणे हे त्या चाचणीने सिद्ध केलेले नाही. नादिनामध्ये मात्र ५९ टक्के रुग्णांना, ज्यांच्या ग्रंथींत मोठा प्रतिसाद दिसला, पुढे औषध दिलेच नाही. ती दोन औषधांची पद्धत होती, हा फरक ध्यानात ठेवून शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालावर पुढचे ठरवावे. ग्रंथीचे आवरण फुटलेले असेल किंवा अनेक ग्रंथींत रोग असेल तर जांघेला किरणोपचार देण्याची चर्चा होते. त्याने त्या जागी रोग उलटणे कमी होते, आयुष्य लांबत नाही आणि पायाची सूज वाढते, म्हणून मी त्याच्याकडे सहसा वळत नाही.

शस्त्रक्रिया टाळण्याविषयी नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियात प्राडो नावाचा अभ्यास झाला आहे. त्यात औषधाआधी सर्वांत मोठ्या ग्रंथीत खूण म्हणून धातूची बारीक क्लिप बसवली, नंतर तेवढीच ग्रंथी काढून तपासली आणि तिच्यात मोठा प्रतिसाद असेल तर बाकीच्या ग्रंथी काढल्याच नाहीत. ९९ पैकी सुमारे ६० जणांची मोठी शस्त्रक्रिया अशा रीतीने वाचली. मला व्यक्तिशः हा मार्ग फार आशादायक वाटतो, पण तो अजून सर्वमान्य झालेला नाही आणि एकाच औषधावर, ॲक्रल मेलॅनोमात, चाचणीबाहेर मी तो वापरणार नाही. क्लिप मात्र आईंनाही पहिल्या डोसआधी बसवून घ्यावी. गाठ खरोखरच आकसली तर शस्त्रक्रियेच्या दिवशी ती शोधायला त्याच खुणेचा उपयोग होतो.

वेण्णाकाठ

काल दोन्ही डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ यांची एकत्र बैठक झाली. आधी तीन डोस, मग टाच व जांघेची एकत्र शस्त्रक्रिया, असे ठरले. गुडघ्यामागच्या खळगीची सोनोग्राफी केली, तेथे ग्रंथी नाहीत. सोमवारी क्लिप बसवली आणि गुरुवारी पहिला डोस आहे. गाठीचे माप २६ बाय १९ मिलिमीटर असे लिहून घेतले आहे. पहिल्या डॉक्टरांकडे मी नऊ आठवड्यांनंतरची तारीख आताच नोंदवून आलो.

आईला हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला की पायातली जोडवी काढावी लागतील का. ती तिने लग्नानंतर कधी काढलेली नाहीत. हा प्रश्न मला डॉक्टरांना विचारायचे धाडस झाले नाही, म्हणून येथे विचारतो.

पायमशीन

काढावी लागतील. शस्त्रक्रियेच्या दिवशी दारातच काढायला लावतात आणि निघाली नाहीत तर कापतात, म्हणून आधी सोनाराकडे नेऊन नीट काढून घ्या. नंतर डाव्या पायात घट्ट जोडवी घालू नयेत, बोटाला वळ पडतो आणि सूज तेथूनच सुरू होते. माझ्या सोनाराने जोडवी मागून कापून सैल, उघडझाप होणारी करून दिली आहेत. कार्यक्रमापुरती घालते आणि घरी आल्यावर मोज्याआधी काढते. उजव्या पायातील आईंनी खुशाल ठेवावीत.